लांब मुळांचा अभिमान

फिशटँकमधले एकतृतीयांश पाणी दर आठवड्याला बदलावे, असा सल्ला देणाऱ्या माणसाच्या घरी नळ रोज येतो, हे मी त्याचा पत्ता न विचारता सांगू शकते. मोबाइलवरच्या मत्स्यप्रेमींच्या ज्या गटात मी काही महिने होते, तिथे असे सल्लागार पैशाला पासरी होते. कोणाच्याही कोणत्याही प्रश्नावर त्यांचे उत्तर एकच: पाणी बदला. गुरामी मासा खात नाही, पाणी बदला. काचेवर शेवाळ येते, पाणी बदला. एकदा मी तिथे लिहिले की आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येते, कधी त्याहूनही उशिरा, तेव्हा दुसरा उपाय सुचवा. एका गृहस्थाने हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि दुसऱ्याने विचारले, 'मग फिशटँक ठेवताच कशाला?' बुद्धी कमी असली की प्रश्न फार सोपे सुचतात.

आमचे घर चिकलठाण्याच्या अलीकडच्या वसाहतीत आहे. मागच्या ओट्यावर दोन निळे ड्रम, मोरीत तीन पिंपे, स्वयंपाकघरात स्टीलची टाकी आणि या सगळ्यांवर आईची हुकमत. नळाच्या दिवशी आई कोणाच्या लग्नालाही जात नाही. कोणत्या ड्रममधले पाणी कुठल्या कामाला, हे तिच्या डोक्यात पक्के असते आणि चुकीच्या ड्रममध्ये प्लास्टिकचा मग बुडवणाऱ्याला ती पाहुणा असला तरी सोडत नाही. नळाचे पाणी पुरले नाही तर टँकर. टँकरचे पाणी बोअरचे, जड. त्याने साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोट्यांवर पांढरे थर बसतात.

अशा घरात वडिलांनी निवृत्तीनंतर अडीच फुटांचा फिशटँक आणून ठेवला. ते एका कारखान्यात प्रेस शॉपचे सुपरवायझर होते आणि त्या यंत्रांनी त्यांच्या ऐकण्याचा मोठा भाग नेला होता. त्यांच्याशी बोलायचे म्हणजे ओरडायचे, आणि दिवसभर ओरडण्याचा उत्साह कोणातच नसतो, माझ्यातही नव्हता. मासे पाहत बसलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा कोणी करत नाही, ही त्या काचेच्या पेटीची खरी सोय होती. पाच गुरामी आणि बेहिशेबी गप्पी यांच्यासमोर ते सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसत. दर पंधरा दिवसांनी प्लास्टिकच्या नळीने मोरीत पाणी सोडून देत आणि ड्रममधून तेवढे भरून घेत.

आषाढातल्या एका रविवारी पडेगावचा मामा आला. त्याने नवा फ्लॅट घेतला होता आणि दिवाळीला तिथे राहायला जायचे होते. हॉलच्या भिंतीशी उभा राहून तो म्हणाला, "ताई, हे माझ्या हॉलमधी लई शोभंल. देऊन टाक मला."

"घेऊन जा बाबा," आई लगेच म्हणाली. "माझा अर्धा ड्रम गिळतंय ते. माणसाला प्यायला नाय अन् माशांच्या आंघोळी चालल्यात."

वडिलांना ऐकू आले नसावे, पण ते आम्हा तिघांच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होते, आणि पाहता पाहता त्यांना कळले. ते खुर्ची पेटीच्या थोडी जवळ ओढून बसले.

त्या क्षणी मला त्यांची दया आली, असे लिहिणे सोयीचे आहे. पण मला प्रथम राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. मी रसायनशास्त्रातली एम.एस्सी., औषधांच्या कारखान्यातल्या गुणवत्ता विभागात काम करणारी, पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणारी. आणि माझ्या विषयातला एक प्रश्न माझ्या देखत दोन वाक्यांत निकालात निघत होता, मला न विचारता. मी म्हटले, "दिवाळीपर्यंत थांबा. बाष्पीभवनाने कमी होईल तेवढे सोडून ड्रममधला एक थेंब लागणार नाही. लागला तर मामाने घेऊन जावा."

"अन् पाणी घाण होईल त्याचं?" आईने विचारले.

"झाडं खातील ती घाण."

"बघ बाई," आई म्हणाली. "तू लिहून दिलंस असं समजते."

तत्त्व सरळ होते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया, त्याचे जिवाणूंमार्फत नायट्रेट, आणि ते साठले की पाणी बदलावे लागते. साठूच द्यायचे नाही तर ते कोणीतरी शोषले पाहिजे. पाण्याखालची झाडे हे काम संथपणे करतात, कारण त्यांना कार्बन डायऑक्साइड पाण्यातून घ्यावा लागतो आणि प्रकाश काचेतून, पाण्यातून गाळून मिळतो. तरंगत्या झाडांची पाने हवेत आणि मुळे पाण्यात असतात. त्यांची भूक मोठी. म्हणून मी तरंगती झाडे निवडली, आणि त्यांच्यातून एक निवडण्यासाठी शहरातल्या एका दुकानात गेले.

तो दुकानदार हा एक स्वतंत्र अभ्यासविषय होता. त्याने आधी मला एक काळा मासा विकण्याचा प्रयत्न केला.

"रख लो मॅडम, घर पे जो भी मुसीबत आती ना, अपने पे लेके मर जाता."

"तुमच्याकडे किती मरतात?"

"भोत मरते," तो अभिमानाने म्हणाला.

दुकानातल्या मृत्युदराला इतके उदात्त स्पष्टीकरण लाभल्यावर फिल्टर साफ करायची गरज त्याला का वाटावी? मी तरंगती झाडे मागितली तेव्हा त्याने मागच्या टबातून जलपर्णीचा एक गड्डाच उचलून आणला. फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची, तलावच्या तलाव झाकणारी ती वनस्पती अडीच फुटी पेटीत ठेवायची म्हणजे बाल्कनीत वडाचे झाड लावायचे. तिला उघडे ऊन लागते, खोलीतल्या दिव्याखाली ती आठवडाभरात सडते. हे त्याला सांगितले, तर म्हणाला, "सड गई तो दुसरी ले जाव." मग त्याने कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी मखमली पानांची झाडे दाखवली. ती मला पसंत पडली असती, पण पानांच्या बेचक्यांत मावा वळवळत होता. शेवटी एका कोपऱ्यातल्या टबात फ्रॉगबिट नावाचे तरंगते झाड दिसले: गोल, गुळगुळीत, खालून स्पंजासारखी पाने, मध्यम आकाराची, जास्त झाले तर हाताने उचलून काढता येते. टिकलीएवढ्या पानांचे डकवीड शोषण्यात त्याहून सरस, पण ते एकदा शिरले की फिल्टरपासून कोपरापर्यंत सगळीकडे चिकटते आणि कधीच जात नाही. मी ते मुद्दाम टाळले. दुकानदाराने फ्रॉगबिटच्या पिशवीत तेही टाकले होते, हे घरी आल्यावर कळले.

फ्रॉगबिटचे एक रोपटे उचलून त्याने मला मुळे दाखवली होती. "ये जड देखो मॅडम. जित्ती लंबी, उत्ती तबियत." त्याच्या तोंडून बाहेर पडलेल्या सगळ्या विधानांपैकी मी पारखून न घेता स्वीकारलेले हे एकमेव.

घरी मी काम नीट केले, हे मला आजही म्हणता येईल. फिल्टरची धार काचेकडे वळवली, कारण पाने सारखी ओली झाली की कुजतात. झाकणावर साठणारे दव वरून टपकते म्हणून झाकणाच्या कडांना कपड्यांचे चिमटे लावून हवेला फट ठेवली. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. सगळा पृष्ठभाग झाकला गेला तर ते गुदमरतील, म्हणून पारदर्शक नळीचे वाटोळे कडे करून तरंगत ठेवले, त्याच्या आतली जागा मोकळी. वडिलांनी त्या कड्याला बोट लावून पाहिले आणि विचारले, "ही खिडकी काय?" मी "हो" म्हणून ओरडले. सविस्तर सांगायला फार ओरडावे लागले असते.

वहीत मी दर रविवारी नोंद करत असे. पहिले दोन आठवडे ठीक गेले. मग नवी पाने लहान येऊ लागली. दुकानात नाण्याएवढी असलेली पाने आमच्याकडे मसुराच्या डाळीएवढ्यावर आली, गडद, जरा तांबूस. मुळे मात्र वीतभर लांबली, पांढऱ्या जटांसारखी तळापर्यंत गेली. मी त्यांचा फोटो गटावर टाकला. एका दिवसात इतकी वाहवा झाली की दिवसभर पाणी बदलायला सांगणाऱ्या त्या मंडळींविषयी मला किंचित आदर वाटू लागला, यावरून माझी तेव्हाची अवस्था कळावी.

नायट्रेट कमी होत नव्हते. चाचणीची नळी आधी नारिंगी होत असे, आता लाल होऊ लागली. मी दिव्याची वेळ वाढवली. लोहाची कमतरता समजून लोह घातले. पोटॅश घातले. फॉस्फेट तपासले नाही. माझ्या चाचणीच्या पेटीत ते द्रावण नव्हते, आणि माशांच्या खाद्यातून फॉस्फेट हवे त्याहून जास्तच मिळते असे मी जिथे तिथे वाचले होते. पाणी, खरे सांगायचे तर, दिसायला विलक्षण नितळ होते. तळाशी कापसाच्या तंतूंसारखा एक पांढरट साका जमत असे. त्यापुढे वहीत माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे: 'कॅल्शियम. बोअरचे पाणी.' कॅल्शियमचा थर काचेला धरून बसतो, हात लावल्यावर खरखरीत लागतो, ढगासारखा उठून पुन्हा बसत नाही. प्रयोगशाळेत एखाद्या शिकाऊ मुलीने अशी नोंद केली असती तर मी तिला सर्वांसमोर ती परत लिहायला लावली असती.

आई येता-जाता विचारी, "काय म्हणतात तुझे मजूर? काम करतात का नुसतेच पडून?"

"करतात," मी म्हणे.

दिवाळीला बारा दिवस उरले तेव्हा मला आठवड्याची सुट्टी शुक्रवारी आली. एरवी मी साडेसहाला कंपनीच्या बसमध्ये असते. त्या दिवशी सातला उठून हॉलमध्ये आले तर वडील बनियनवर, उजवा हात कोपरापर्यंत फिशटँकमध्ये घालून उभे. हातात काहीतरी धरून ते पाण्यात सावकाश गोल फिरवत होते, एका लयीत. मला ती हालचाल ओळखायला वेळ लागला नाही. नळाला गढूळ पाणी आले की आमच्या घरात ड्रममध्ये अशीच तुरटी फिरवतात.

"पप्पा, काय करताय?"

त्यांना ऐकू आले नाही. मी समोर जाऊन ओरडले, "तुरटी आहे का ही?"

"व्हय," ते म्हणाले आणि खडा बाहेर काढून नीट झटकला.

"किती दिवसांपासून फिरवताय?"

"तू झाडं आणलीस तवापासून. रोज नाय, तू कामावर गेलीस की एक दिवसाआड. पाणी पिवळं दिसाया लागलं तर तुझी आई म्हणंल, झाडांनी काय होत नाय. मग देईल मामाला." त्यांनी ओला हात बनियनला पुसला. "म्हणून म्हणलं, नितळ दिसू द्यावं."

"मला सांगायचं ना!"

"तुला कशाला? तू आतलं बघत होतीस. वरचं मी बघत होतो."

स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी होती. "मला वाटलं तूच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "म्हणलं असंल शास्त्रात."

तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम पाण्यातल्या फॉस्फेटला धरून ठेवते आणि त्याला घेऊन तळाशी बसते. सांडपाण्यातून फॉस्फेट काढण्यासाठी हीच पद्धत वापरतात; मी ती परीक्षेत आकृतीसह लिहिलेली आहे. फॉस्फेट संपले की झाडाची वाढ थांबते, मग पाण्यात नायट्रेट कितीही असो, ते घेऊन करायचे काय? पाने लहान आणि गडद होतात. मुळे अन्न शोधत खोल जातात. ज्या मुळांचा फोटो मी जगाला दाखवला, ती भुकेने लांबलेली होती. पाण्यातल्या जडपणाने तुरटीचे आम्ल शोषले म्हणून मासे वाचले, आणि त्याचे श्रेय टँकरवाल्याला जाते; मला जात नाही.

हे सगळे मी वडिलांना ओरडून सांगितले, शक्य तितके सोपे करून. ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे मीच त्यांना उपाशी ठेवलं?"

"झाडांना. माशांना काही झालं नाही."

"झाडांनाच म्हणतो मी."

याला उत्तर देण्याइतकी तुच्छता माझ्याजवळ त्या सकाळी शिल्लक नव्हती. मीही तीन महिने त्याच झाडांसमोर बसले होते, हातात वही घेऊन, आणि घरातल्या एकाही माणसाला एकही प्रश्न विचारला नव्हता.

उपाय माहीत होता. तळातला साका नळीने ओढून काढायचा, म्हणजे त्याच्याबरोबर दोन बादल्या पाणी जाणार, आणि तेवढे ड्रममधून घालावे लागणार. म्हणजे माझीच अट मोडणार आणि पेटी पडेगावला जाणार. साका तसाच ठेवला तर तो पुढेही फॉस्फेट धरून बसणार, झाडे बारा दिवसांत काहीच करणार नाहीत, नायट्रेट चढत राहणार आणि मासे मरू लागणार. मी दोन बादल्या आणल्या आणि नळी लावली. वडील खुर्चीवर बसले. ते फिशटँककडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

भरलेल्या बादल्या उचलून मी मोरीकडे निघाले तशी आई म्हणाली, "थांब. कुठं ओततीस?"

"मोरीत. पप्पा तिथेच सोडतात."

"नळीनं सोडतात, ते मला कधी दिसलंच नाय." तिने वाकून बादलीत पाहिले, वास घेतला. "हे दोन बादल्या व्हय? दर वेळेला एवढंच निघतं?"

"साधारण."

"अगं मग संडासात ओत की! तिथं रोज दोन-तीन बादल्या चांगलं पाणी ओततो आपण. ते काय माशांच्या पाण्यानं वाहून जाणार नाय?" ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती, ज्या नजरेने मी आजवर इतरांकडे पाहत आले होते. "ड्रममधून दोन बादल्या काढायच्या त्या पेटीत घाल, पेटीतल्या संडासाला वापर. माझं पाणी तेवढंच लागतंय. यात भांडायचं काय होतं?"

"तू आधी म्हणाली नाहीस."

"मी? तू म्हणालीस, थेंब लागणार नाय, झाडं खातील. मला वाटलं शिकलेली पोरगी बोलती म्हणजे मोजून बोलत असंल."

मी बादल्या संडासात नेऊन ठेवल्या आणि ड्रममधून दोन बादल्या आणून फिशटँकमध्ये हळूहळू सोडल्या. आईने स्वतः मग बुडवून दिला. पुढे काही आठवड्यांत फ्रॉगबिट पुन्हा नाण्याएवढे झाले, मुळे आखूड झाली, आणि आता मी दर रविवारी मूठभर झाडे उपसून कुंड्यांत टाकते. ती सुंदर दिसतात, गुरामींना सावली मिळते. पाणी मात्र दर आठवड्याला एकतृतीयांश बदलले जाते, त्या गटातल्या मूर्खांनी सांगितले होते अगदी तसे. मी ते गटावर कळवलेले नाही.

तुरटी सापडली त्याच सकाळी आईने मामाला फोन लावला. मी ओल्या हातांनी झाकण बसवत होते. "नाय रे, फिशटँक नाय देत," ती म्हणत होती. "दुसरा घे तू... नाय, नाय, शोसाठी नाय. आमच्या संडासाला लागतो तो." पलीकडे मामाने काहीतरी विचारले असावे, कारण तिने तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगितले आणि फोन ठेवला.

वडिलांनी यातले काही ऐकले नव्हते. त्यांनी मला मनगटाला धरून थांबवले. "काय म्हणाली?"

"टँक इथंच राहतोय!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

त्यांनी पेटीतल्या त्या बारक्या, तांबूस पानांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "झाडांमुळं?"

हो म्हणणे सोपे होते. त्यांना बरे वाटले असते आणि आई स्वयंपाकघरात गेली होती.

"नाही," मी ओरडले, शेजारच्या गच्चीवरही ऐकू गेले असेल इतक्या मोठ्याने. "संडासामुळं!"

ते इतके हसले की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. मग डोळे पुसून त्यांनी कड्याच्या आत चिमूटभर खाद्य टाकले, आणि पाचही गुरामी वर आले.